प्रार्थनेत ठेवलेली गोष्ट

पाळकसाहेबांनी कोर्सला माझं नाव दिलं ते मी पदवीधर आहे म्हणून. उपासना संपल्यावर सगळ्या मंडळीसमोर त्यांनी तसं सांगितलं आणि मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझे वडील दिग्रसच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, शाळेत लागले, आणि पदवीची फ्रेम बाहेरच्या खोलीत लावली. आलेल्या माणसाला पाण्याच्या पेल्याआधी ती दिसते. त्यामुळे ‘आध्यात्मिक घडण व कोचिंग : विश्वासणाऱ्यांसाठी निरंतर शिक्षण’ अशा लांबलचक नावाच्या कोर्सला आमच्या मंडळीतून मी जाणार, यात मला काही नवल वाटलं नाही.

आईला मात्र वाटलं. “कोचिंग म्हणजे ट्यूशनच ना वं? आता देवाचीबी ट्यूशन लागते काय?” असं ती म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली.

माझ्यासोबत आणखी दोघी होत्या. एक पाळकीणबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या बायको. मंडळीतली कोणतीही गोष्ट त्यांच्याशिवाय होत नाही, म्हणून हीसुद्धा नाही. दुसरी पेटीवाली काकू. काकू बसस्टँडमागे ब्लाउज शिवते आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवून गाते. लहानपणी संडे स्कूलमध्ये आम्हाला गाणी तिनंच शिकवली. तिच्या गळ्यात काही जादू आहे असं मी म्हणणार नाही. पण ती गायला लागली की मागच्या बाकावर पेंगणारे म्हातारेही सरळ होतात आणि आपोआप तोंड उघडतात. पन्नास वेगवेगळे आवाज ती एका सुराला बांधून नेते. एवढं एक काम ती माझ्या कळत्या वयापासून करत आली आहे.

वर्ग शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन असत. सुरुवातीला यवतमाळला शिबिर झालं. शिकवायला पुण्याचे एक सर आले होते. ते फार हळू बोलत. बोलण्याआधी ट्यूबलाइट बंद करून टेबलावर मेणबत्ती लावत. कोचिंग म्हणजे काय, तर समोरच्याला सल्ला द्यायचा नाही, वचन फेकून मारायचं नाही, त्याच्या पापाची चौकशी करायची नाही. फक्त नीट प्रश्न विचारायचा आणि गप्प बसून ऐकायचं, म्हणजे त्याच्या आत देव काय करतो आहे ते त्याचं त्यालाच दिसतं. मला हे पटलं. आमच्याकडे कोणाची म्हैस आटली तरी दोघं वचन सांगतात आणि तिसरा विचारतो, घरात काही लपवलं तर नाही ना.

“आपण समोरच्यासाठी जागा धरून ठेवायची आहे,” असं सर म्हणाले तेव्हा पुसदकडच्या एका बाईंनी विचारलं, एसटीत रुमाल टाकतात तशी का. सगळी रांग हसली. सर हसले नाहीत. “मला इथे थोडं अवघडलेपण जाणवतंय,” ते म्हणाले, “आपण त्याच्यासोबत जरा बसूया.” आणि खरंच आम्ही त्या अवघडलेपणासोबत बसून राहिलो. बाहेर चहा गार झाला.

सरावासाठी तिघांचे गट पाडले. एकानं विचारायचं, एकानं सांगायचं, एकानं नुसतं बघायचं. बघणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. शेवटी विचारणाऱ्याचं कुठे चुकलं एवढंच सांगायचं. आमच्या गटात मी विचारणारी, काकू सांगणारी आणि पाळकीणबाई बघणाऱ्या. गटातलं बोलणं गटाबाहेर जाणार नाही, असं सरांनी प्रत्येकाकडून म्हणवून घेतलं आणि आम्ही आमेन म्हणालो. पाळकीणबाईंचं आमेन सगळ्यात खणखणीत होतं.

दिग्रसला परतल्यावर आम्ही रविवारी उपासनेनंतर काकूच्या दुकानात बसायला लागलो. पहिल्या खेपांना काकू गुडघ्यांबद्दल बोलली, लग्नसराईतल्या गिऱ्हाइकांबद्दल बोलली. पाठ उघडी पाहिजे म्हणणाऱ्या पोरी आणि झाकली पाहिजे म्हणणाऱ्या त्यांच्या आया, यांच्यामध्ये कात्री घेऊन उभं राहणं म्हणजे काय, ते सांगून तिनं आम्हाला हसवलं. मी शिकवल्यासारखे प्रश्न विचारत होते. मग एका रविवारी मी विचारलं, आज कशाबद्दल बोलावंसं वाटतं, तर तिनं मशीनच्या चाकावर हात ठेवला.

“प्रार्थनेले बसलं का असं वाटते, का फोन कटला हाये,” ती म्हणाली. “आपण बोलूनच राह्यलो, बोलूनच राह्यलो, अन् तिकडं कोणी नाही.”

काही झालं होतं का, असं मी विचारलं. विचारायला नको होतं खरं. सरांच्या मते हा बंद प्रश्न, हो किंवा नाहीवर संपणारा.

“काहीच नाही झालं ना माय. तेच तर. कोणी मेलं नाही, कोणी आजारी नाही. बस, कटला.”

बाहेर एसटीचा कंडक्टर पुसद पुसद ओरडत होता. काकू रडत नव्हती. उसवलेली शिवण दाखवावी तसं ती सांगत होती. मग मी विचारलं की तिला काय हवं आहे.

“मले गायचं हाये. गाताना तसं नाही होत. प्रार्थनेत आपण खोटं बोलून राह्यलो असं वाटते, गाण्यात नाही वाटत. तेवढं एक खरं राह्यलं हाये माह्याजवळ. पेटी तेवढी राहू दे, बाकी पाहीन मी.”

आयुष्यभर मंडळीत बसून मी कोणाचं इतकं सरळ बोलणं ऐकलं नव्हतं, आणि त्यावर कोणी लगेच औषध लावायला धावलं नाही असंही कधी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी मला वाटलं, हा कोर्स खरा आहे. पाळकीणबाईंनी पदरानं डोळे पुसले. नंतर मला म्हणाल्या की मी ऐकताना फार पुढे वाकते, तेवढं सुधारावं. आणि आम्ही आपापल्या घरी गेलो.

आता आमच्या मंडळीची एक रीत सांगावी लागेल. शुक्रवारी बायकांची उपास-प्रार्थना असते. सकाळपासून कोणी खात नाही, संध्याकाळी पाळकांच्या घरी जमायचं, विषय ठेवायचे आणि एकेकीनं डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायची. विषय म्हणजे कोणाचं दुखणं, कोणाची अडचण. नाव घ्यायचं, काय झालं ते सांगायचं, अगदी स्पष्ट. नाव न घेता केलेली प्रार्थना म्हणजे पत्ता न लिहिता टाकलेलं पाकीट, असं पाळकीणबाईंनीच आम्हाला एकदा समजावलं होतं. म्हणून आमच्याकडे कोणाचा नवरा पितो, कोणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत, हे सगळं आधी देवाच्या कानावर जातं आणि तिथून गावभर. यात काही वावगं आहे असं कोणाला वाटत नाही. चहाडी केली तर पाप, प्रार्थना केली तर पुण्य. शब्द तेच, डोळे मात्र मिटलेले.

त्या शुक्रवारी मी शाळेतून थेट गेले. मला थोडा उशीर झाला होता, विषय ठेवून झाले होते. काकू भिंतीला टेकून बसली होती. गुडघ्यांमुळे तिला मांडी घालता येत नाही. मी तिच्या समोरच्या बाजूला जागा करून बसले आणि डोळे मिटले.

एका निवृत्त नर्सबाईंनी सुरुवात केली. त्यांचा आवाज वॉर्डात सवय झालेला, बारीक बोलताच येत नाही. हे दयाळू स्वर्गीय बापा, आम्ही तुझे आभार मानतो, पाऊसपाण्यासाठी, लेकरांसाठी. आणि मग त्याच दमात:

“बापा, आमच्या पेटीवाल्या बहिणीचा तुझ्याशी फोन कटला आहे. तो तू जोडून दे.”

काकूचा शब्द, तिचा स्वतःचा, मशीनच्या चाकावर हात ठेवून सांगितलेला, या बाईच्या तोंडात होता. आणि सगळ्या बायका हो प्रभू, हो प्रभू म्हणत होत्या.

मग पुढची. मग तिच्या पुढची. प्रत्येकीनं त्यात आपली भर घातली. एकीनं मागितलं की काकूच्या घरात काही पाप दडलं असेल तर ते उघड कर. दुसरीनं पाप शोधूनच आणलं: काकू भादव्यात शेजारच्या घरी महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेली होती, त्याची तिला क्षमा कर. त्या जेवणाला मीही गेले होते, आंबील दोनदा मागून घेतली होती, आणि पुढच्या भादव्यातही जाणार आहे. तिसरीनं नवऱ्याला ओढलं, चौथीनं गर्वाला. कारण नाही म्हणून सांगणाऱ्या बाईला त्यांनी बसल्या बसल्या कारणांचा ढीग लावून दिला. आवाज मऊ, पदर डोळ्यांना. मला तर वाटलं त्यांना ते गोड लागत होतं. सकाळपासून खाल्लं नव्हतं ना.

मी डोळे उघडले. सगळ्यांचे मिटलेले होते, एकटीचे सोडून. काकू माझ्याकडे बघत होती.

प्रार्थना संपल्यावर पोहे आले. मी स्वयंपाकघरात पाळकीणबाईंना गाठलं. त्या कपबशा मांडत होत्या. मी विचारलं की गटातलं बोलणं बाहेर कसं आलं. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. आधी मला वाटलं सोंग घेतात. सोंग नव्हतं.

“मी कोणाले सांगतलं, मॅडम? एका जणीले तरी सांगतलं असन तर विचारा. मी फक्त प्रार्थनेत ठेवलं.”

“नाव घेऊन ठेवलं.”

“मग काय नाव न घेता ठेवू? कोणासाठी मागून राह्यलो ते देवाले समजाले नको?”

मी म्हणाले की देवाला आधीच समजलेलं असतं, असं तुम्हीच आम्हाला शिकवता. त्यांनी कप खाली ठेवला. “तुम्ही शिकलेल्या, तुमच्यासोबत बोलण्यात मी हरीन,” त्या म्हणाल्या. “पण एक बहीण अंधारात पडली अन् मी घरी बसून पोळ्या लाटू? दोन रात्री झोपली नाही मी तिच्यापायी.” आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले.

खोटारड्या बाईशी भांडता येतं. या बाईचं आमेन खरं होतं, आसवं खरी होती, जाग्रण खरं होतं, आणि केलं ते इतकं घाण. मला तिथे पोहे गिळवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑनलाइन वर्गात मी हात वर केला आणि झालेली सगळी गोष्ट सरांना सांगितली. कोणाचं नाव घेतलं नाही. पाळकीणबाई स्क्रीनवरच होत्या, मान हलवत होत्या, जणू मी त्यांच्या चांगुलपणाची साक्षच देत होते. सरांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, “या प्रसंगातून तुम्हाला स्वतःबद्दल काय नवीन कळतंय?”

“स्वतःबद्दल काही नाही कळलं सर. तुमच्या नियमाबद्दल कळलं.”

“छान,” सर म्हणाले. “हे फार प्रामाणिक आहे.” मग त्यांनी विचारलं की नावं बदलून हा प्रसंग पुढच्या बॅचला अभ्यासासाठी वापरला तर चालेल का. इतर लोकांनी स्क्रीनवर टाळ्यांची चित्रं टाकली. मी कॅमेरा बंद केला आणि उठून हात धुतले. हाताला काही लागलं नव्हतं.

तोपर्यंत पाळकसाहेबांनी निर्णय घेऊन तो काकूला कळवलाही होता. रागानं नाही, प्रेमानं. ते प्रत्येक गोष्ट प्रेमानं करतात. पेटी काकूचीच आहे, कोणी तिची जागा घेत नाही. फक्त रविवारी तिनं पुढे यावं, मंडळी तिच्यावर हात ठेवून प्रार्थना करेल, आणि तिनं एकदा सगळ्यांसमोर साक्ष द्यावी की विश्वास परत आला. मग बसावं पेटीवर. नाही जमलं तर त्यांची सून तोवर कीबोर्ड वाजवेल. सुनेच्या कीबोर्डात तबला आतच भरलेला असतो. बटण दाबलं की गाणाऱ्यांनी त्याच्या मागे पळायचं.

वर्ग सोडून मी काकूच्या दुकानात गेले. गटातलं बोलणं बाहेर मी सांगितलं नाही, हे मला तिला आधी सांगायचं होतं. तिनं मला बोलू दिलं नाही.

“तू नाही सांगतलं, माहीत हाये मले. तू सांगतलं असतं तं असं गोड गोड नसतं सांगतलं.”

आणि तिथे मी कोर्सचा पहिला नियम मोडून तिला सल्ला दिला. म्हटलं, जाऊ नका. पुढे उभं राहू नका. पेटी मंडळीच्या पैशाची आहे ना, राहू दे मंडळीला, मी दुसरी बघते, घरी गा.

“घरी कोणासाठी गाऊ?” ती म्हणाली. “भिंतीसाठी? मागची म्हातारी माणसं आवाज धरतात ना, तेव्हा ते गाणं होते. एकटीचं काय, एकटी तं मी भांडे घासतानाबी गुणगुणते.”

मग ती म्हणाली, एक शब्द तर म्हणायचा आहे. एका शब्दानं काय होतं.

रविवारी तिला पुढे बोलावलं. ती जिना चढल्यासारखी एकेक पाय टाकत गेली. पाळकसाहेबांनी तिला खुर्चीत बसवलं, आणि मग वडील मंडळी उठली, बायका उठल्या, जागा मिळेल तिथे हात ठेवायला लागल्या. डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर. ज्यांना काकूपर्यंत पोहोचता आलं नाही त्यांनी पुढच्याच्या पाठीवर ठेवले. खोबरेल तेल, पावडर, ट्रंकेतल्या साड्यांना येणारा डांबराच्या गोळ्यांचा वास. मला मध्ये बसलेली काकू दिसत नव्हती. फक्त हात दिसत होते, आणि ते सगळे दाबत होते. सगळे एकाच वेळी मोठमोठ्यानं प्रार्थना करत होते. मी जागेवरून उठले नाही. शेजारच्या बाईनं मला कोपर मारलं तरी उठले नाही.

आवाज खाली आला तेव्हा पाळकसाहेबांनी माइक तिच्या तोंडाशी धरला. हसून विचारलं:

“काय बहिणी, लागला का फोन?”

मंडळी हसली. प्रेमानं हसली, घरातल्या माणसाला हसतात तशी. काकूचे केस हातांनी विस्कटले होते. तिनं आधी पेटीकडे पाहिलं.

“लागला साहेब.”

हालेलूया झालं. कोणी टाळ्या वाजवल्या, नर्सबाई रडल्या, पाळकीणबाईंनी काकूला मिठी मारली. मग काकू पेटीवर बसली, भाता ओढला आणि गायली. सूर जागेवर होते. मागचे म्हातारे सरळ झाले. बाहेर येताना सगळे म्हणत होते की बाईच्या आवाजात आज आत्मा उतरला.

हे अजूनही म्हणतात. आधी छान गायची, आता अभिषेक झाला आहे, असं म्हणतात. पाळकीणबाई नव्या बॅचला ही साक्ष सांगतात. आमच्या गटाचं फळ म्हणून. कोर्सचं प्रमाणपत्र त्यांनीच यवतमाळहून माझ्यासाठी आणलं, मी कार्यक्रमाला गेले नव्हते. पदवीच्या शेजारी ते लावायचा प्रश्नच नव्हता. कष्टानं मिळवलेल्या गोष्टीच्या बाजूला मी काहीही टांगत नाही.

नाताळच्या आधी मी ब्लाउज टाकायला काकूकडे गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिनं माझ्या खांद्याचं माप घेतलं, खडूनं कापडावर खूण केली, आणि पाठीमागे उभी असतानाच बोलली. तोंडासमोर तिला बोलता आलं नसतं बहुतेक.

“आता गाण्यातबी तसंच होते. ‘लागला’ म्हटलं ना त्या दिवशी, तेव्हापासून. तोंडातून गाणं निघते, अन् मले माहा तो शब्दच ऐकू येते. पूर्ण गाणंभर.”

माझ्या जिभेवर कोर्सातला प्रश्न आला: आणि त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं? मला माझीच शिसारी आली. मी तो गिळला आणि साध्या माणसासारखं विचारलं, मग सोडून का देत नाही काकू? गुडघ्याचं कारण सांगा, कोण विचारणार आहे.

तिनं माझ्या पाठीवरची फीत गुंडाळली.

“सोडलं का पुन्हा समोर बोलावतील ना माय,” ती म्हणाली. “पुन्हा हात ठेवतील.”

आणि बाह्या कुठपर्यंत ठेवायच्या, ते तिनं मला विचारलं.